एसीतला गॅस जातो कुठे?

चारुशीलाबाई पांढरीपांड्यांना फसवील असा माणूस अमरावतीत अजून जन्माला यायचा होता, असं त्या स्वतःच सांगत. घरी आलेला गॅसचा सिलिंडर त्या आधी आपल्या ताणकाट्याला टांगून बघत आणि मगच आणणाऱ्याला सोडत. वरूडची म्हणून संत्री विकणाऱ्याला त्या "वरूडात कोणाच्या बागेतली?" असं विचारत, आणि तो बावचळला की पुढच्या गाडीकडे वळत. दूधवाला, रद्दीवाला, रक्त तपासणारी लॅब, कोणीच सुटलं नव्हतं. संशयाला औषध नाही म्हणतात. बाईंना ते नकोच होतं. संशय हाच त्यांचा च्यवनप्राश होता आणि त्यावर त्या त्रेसष्टाव्या वर्षी ठणठणीत होत्या.

हा गुण नोकरीत वाढलेला. बाई शाळेत गणित शिकवायच्या आणि दरवर्षी बोर्डाच्या परीक्षेला केंद्रावर असायच्या. पोरं त्यांना मागून 'भरारी पथक' म्हणत. हाताला प्लॅस्टर घालून आलेल्या एका पोराच्या प्लॅस्टरवर त्यांनी टकटक केली होती आणि आतून भूमितीची प्रमेयं बाहेर काढली होती. त्यांचं एक सूत्र होतं. वर्गाच्या पुढे उभं राहून कॉपी सापडत नाही, मागे उभं राहावं. मागे कोणी आहे हे पोरगं विसरलं की त्याचा हात आपोआप खिशात जातो.

नवरा मात्र अगदी उलटा. गोपाळकृष्णराव दिवाणी वकील, जिल्हा कोर्टात हयात गेलेली. कोर्टात समोरच्या साक्षीदाराच्या चिंध्या करणारा हा माणूस घरात भाजी अळणी झाली तरी बोलत नसे. मुकाट्याने उठून मीठ घेत असे. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा आला. डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सावरला, काठी घेऊन ते घरभर फिरू लागले. डावा हात मात्र कोणी दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा लोंबत राहिला.

तो हात परत आणायचाच, असं बाईंनी ठरवलं. अकोल्याला एक मोठं व्यायाम-उपचाराचं केंद्र आहे, तिथे लोकांचे गेलेले हात येतात, असं त्यांनी ऐकलं, स्वतः दोनदा जाऊन खात्री केली, आणि सोमवार-गुरुवार असे दोन वार ठरले. सकाळच्या वेळा अकोल्याच्या लोकांनी आधीच धरून ठेवलेल्या, त्यामुळे मिळाली ती भर दुपारची बाराची. गाडी बाई स्वतः चालवत. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला, आणि परत.

मागच्या मे महिन्यात मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीचा एसी बंद पडला. बाहेर नुसती आग बरसत होती. काचा उघडल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखी लू आत आली. बोरगाव येईपर्यंत गोपाळकृष्णरावांनी मान टाकली. कांदा हुंगवला, पन्हं पाजायचा प्रयत्न केला, शेवटी अकोल्यात दवाखान्यात भरती करावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की यापुढे उन्हात यांना एसीशिवाय बाहेर काढायचं नाही. बाईंनी ते वाक्य बोर्डाच्या परिपत्रकासारखं पाळलं. भाड्याची गाडी करून पाहिली, तर ड्रायव्हर मूर्तिजापूर सुटलं की डिझेल वाचवायला एसी बंद करायचा. रेल्वेचा पूल काठीवाल्याला चढवत नाही. म्हणजे उरली आपली गाडी आणि तिचा एसी. एसी चालला तर अकोला, नाही तर घर.

आणि यंदा तो एसी चालेना.

फेब्रुवारी सरता सरता पहिल्यांदा गार हवा कमी झाली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी गॅस भरून दिला. मार्चात पुन्हा गरम हवा. या वेळी तिथल्या टाय घातलेल्या पोराने कूलिंग कॉइल गेली म्हणून सांगितलं. कॉइल बदलायला पुढचा सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, असं म्हणून त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून बाईंना खुर्चीचा हात धरावा लागला. त्यांनी जुनी कॉइल मागून घेतली, बादलीत बुडवून फुगे येतात का ते घरी पाहिलं. फुगा एकही नाही. "बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चांगली वस्तू काढली आणि चांगल्या वस्तूचे पैसे घेतले." गोपाळकृष्णराव म्हणाले, "असेल." आणि पंधरवड्यात एसी पुन्हा गरम हवा फेकू लागला.

आता दुधाने तोंड पोळलेलं. बाईंनी चौकशी करून बडनेरा रोडवरचा कुलदीप गावंडे गाठला. चांदूर बाजारकडचा तिशीतला माणूस, स्वतःचं छोटं गॅरेज, फक्त एसीचीच कामं. बाई सकाळीच घरून घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि डब्यात थालीपीठ घेऊन गेल्या आणि गाडीच्या नाकासमोर बसल्या. गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर गोपाळकृष्णराव, कारण दिवसभर त्यांना एकटं घरी ठेवायचं नाही.

"मॅडम, तुमी हापिसात पंख्याखाली बसा ना," कुलदीप म्हणाला.

"मी इथेच बरी. तू तुझं काम कर."

"करतोच हावो. पण तुमी असं पाहून राहिल्या का मले दहावीचा पेपर आठवते."

गळती शोधायला त्याने पाइपांवर साबणाचा फेस लावला, हिरवं पाणी सोडून निळा दिवा फिरवला. एका पाइपाचा जोड संशयास्पद वाटला म्हणून तो बदलला. गॅस भरला. गाडी गारेगार झाली. एक सोमवार, एक गुरुवार अकोला झालं. पुढच्या सोमवारी पुन्हा लू. कुलदीपने डोकं खाजवलं, कॉम्प्रेसरच्या सीलमधून हळूच जात असेल म्हणाला. कॉम्प्रेसर बदलला. त्याचं बिल भरायला बाईंना बँकेतली ठेव मोडावी लागली. पुन्हा एक खेप झाली, आणि पुन्हा गॅस गायब.

एक खेप चुकली की हात आठ दिवस मागे जातो, असं बाईंचं गणित होतं. एप्रिल निम्मा सरला तरी त्या महिन्यात अकोल्याच्या दोन-तीनच खेपा झाल्या होत्या. म्हणजे हा जो कोणी होता तो गॅस चोरत नव्हता, त्यांच्या नवऱ्याचा हात चोरत होता. रात्री त्या मनात एकेक दुवा जुळवीत. गॅस संपला की कोणाचा फायदा? भरणाऱ्याचा. भरतो कोण? कुलदीप. दर वेळी नवीन भाग कोण सुचवतो? कुलदीप. गणित सुटलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळकृष्णरावांना गाडीत बसवून त्या गॅरेजात गेल्या. तीन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. बाईंचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, तो रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत गेला.

"गॅस भरतोस आणि आठ दिवस पुरेल एवढाच ठेवतोस! माझा नवरा आजारी आहे हे तुला माहीत आहे. तरी तू हे करून राहिलास? लाज नाही वाटत?"

कुलदीपच्या हातातला पान्हा तसाच राहिला. "मॅडम, माह्या पोराची आन घेऊन सांगतो, मी पुरा गॅस भरून देल्ला. तुमी समोर बसून होत्या ना? काटा तुमीच वाचला ना?"

"काटाही तुझाच."

"मंग मले समजून नाई राह्यलं तो गॅस कोठी जाते ते. लिकेज असतं तं मले सापडलं असतं. तुमी असं चारचौघात बोलान तं माह्यं दुकान बंद पडन ना जी."

त्याने कसाबसा गॅस पुन्हा भरून दिला आणि मजुरी घेतली नाही. हे बाईंना गुन्ह्याच्या कबुलीसारखंच वाटलं. त्या निघाल्या तेव्हा बाकावरच्या तिघांपैकी एकजण, पाच-सहा टॅक्सींचा मालक, आपली गाडी तशीच सुरू करून निघून गेला. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

तरी पुरावा हवा होता. घरी येऊन, इंजिन निवल्यावर, त्यांनी बॉनेट उघडलं. गॅस भरायची जागा त्यांना आता पाठ झाली होती. सायकलच्या ट्यूबला असतो तसा छोटा व्हॉल्व्ह, वर प्लॅस्टिकचं टोपण. अशी दोन टोपणं. बाईंनी कपाटातून लाख काढली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून झाले की त्यावर त्या जशी लाख ओतायच्या तशी मेणबत्तीवर वितळवून दोन्ही टोपणांवर ओतली आणि शाळेतली जुनी पितळी मोहोर दाबली. आता गाडी उभ्या उभ्या गॅस गेला आणि लाख शाबूत राहिली, तर पुरता भरलाच नव्हता, कुलदीप सापडला. पुढचं ग्राहक मंचात.

"काय करून राहिलीस?" व्हरांड्यातून गोपाळकृष्णरावांनी विचारलं.

"काही नाही. पाणी बघते गाडीचं."

नवऱ्यालाही त्यांनी सांगितलं नाही. त्याच्यावर संशय होता म्हणून नव्हे. तो भिडस्त, कोणाला तरी बोलून जायचा.

गुरुवारी सकाळी गाडी सुरू केली, एसी लावला. कोमट, मग गरम. बाईंनी विजयी मुद्रेने बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. एका टोपणावर लाख नव्हती. तिचे लाल कपचे खाली इंजिनाच्या खाचेत पडले होते. वितळली असती तर ओघळली असती. ही खरवडून काढलेली होती, नखाने नाही तर कुठल्याशा टोकदार वस्तूने. आणि गाडी तर कंपाउंडच्या बाहेरही गेली नव्हती.

म्हणजे चोर घरी येत होता.

बाईंनी फाटकाकडे पाहिलं. कुलदीपने किल्ली बनवून घेतली असेल? पण फाटकाला कुलूप असतं, आणि दुपारी आपण पडलो किंवा बाहेर गेलो तरी गोपाळकृष्णराव व्हरांड्यात असतात. मग आत कोण येतं? धुण्याभांड्याला येणारी वच्छला. बारा वर्षांची ओळख, पण संशय ओळखपाळख बघत नाही. तिचा भाऊ बडनेऱ्याला राहतो. गॅरेज बडनेरा रोडला. बाईंनी वच्छलाला भांडी घासताना धरलं. गाडीजवळ गेली होतीस का, कोणी पाठवलं होतं का, भाऊ काय करतो.

वच्छलाने राखेचे हात तसेच वर धरले. "बाई, मले सायकलीत हवा भरता येत नाई, तुमच्या गाडीतली कावून सोडू मी? मी चारले येतो अन् पाचले जातो. दुपारभर घरी कोण रायते ते तुमीच पाहा ना."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काई नाई." आणि ती पुन्हा भांड्यांकडे वळली. बाईंना वाटलं, चोराच्या मनात चांदणं. त्या दिवसापासून त्यांनी चहा-साखरेचे डबेही मोजायला घेतले.

कुलदीपकडे आता जायचं नव्हतं, म्हणून राजापेठेतल्या तिसऱ्याच माणसाकडून गॅस भरून घेतला, टोपणावर पुन्हा लाख घातली, आणि शनिवारी जेवणं झाल्यावर बाईंनी साडी बदलली. "बँकेत जाऊन येते, मग शाळेतल्या लीलाबाईंकडे. उशीर होईल," असं मोठ्याने सांगितलं. फाटक वाजवून बाहेर गेल्या, गल्लीला वळसा घातला आणि मागच्या बोळातून स्वयंपाकघराच्या दाराने आत आल्या. चपला हातात. बाजूच्या खोलीत जाऊन खिडकीची जाळी ओढली आणि तिच्यामागे स्टुलावर बसल्या. गाडी बरोबर समोर. वर्गाच्या मागे उभं राहायचं, बस्स.

बाहेर कावळाही ओरडत नव्हता. कूलरचं घरघर तेवढं. बाईंची नजर फाटकावर खिळलेली. तिथून कोणी येणार, बडनेऱ्याचा भाऊ, कुलदीपचा माणूस, कोणीतरी. फाटक हललं नाही. व्हरांड्याची कडी वाजली.

गोपाळकृष्णराव काठी टेकत पायऱ्या उतरले. धोतराचा सोगा खोचलेला, डोक्यावर दुपट्टा घेतलेला. बाईंना वाटलं, यांनाही काही दिसलं की काय, चोराला धरायला निघाले की काय. त्या उठणार तोच गोपाळकृष्णरावांनी गाडीचं दार उघडलं, वाकून खालची कळ ओढली, आणि बॉनेट टक् करून सुटलं. मग ते पुढे आले. काठी बंपरला टेकवली. उजव्या हाताने बॉनेट वर उचललं, त्याखाली खांदा दिला, आणि खांद्यावर ते वजन तोलून उजव्या हाताने आतली दांडी शोधू लागले. दांडी खाचेत बसेना. एकदा निसटली. दुसऱ्यांदा बॉनेट कानशिलावर आलं. ते थांबले, दम खाल्ला, पुन्हा लागले. डावा हात बाजूला लोंबत होता. शेवटी दांडी बसली. खिशातून पेन काढून त्याच्या टोकाने त्यांनी सावकाश, कागद वाचावा तशा एकाग्रतेने, लाख खरवडली, टोपण फिरवून काढलं आणि पेन आत दाबलं.

फुस्स्. खिडकीपर्यंत ऐकू आलं.

बाईंनी आयुष्यात शेकडो पोरं पकडली होती. पकडल्याक्षणी काय करायचं ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आज त्यांना उठताच येईना. आधी राग आला. मोडलेली ठेव, बदललेली कॉइल, कुलदीपचं तोंड, सगळं एकदम आठवलं. आणि लगेच त्या रागाच्या आतून भीती आली, की ती दांडी नीट बसली नाही, बॉनेट यांच्या डोक्यावर पडेल. त्या अनवाणीच धावल्या आणि तापल्या फरशीवरून जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी बॉनेट धरलं.

गोपाळकृष्णराव दचकले नाहीत. "मागच्या दाराने आलीस?"

"हो."

"तरीच." त्यांनी टोपण पुन्हा लावलं.

व्हरांड्यात येऊन दोघं बसली. बाईंचे तळपाय भाजले होते, पण ते त्यांच्या लक्षात नव्हतं. "का?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"अकोल्याला जायचं नव्हतं."

"मग तसं सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. दिवाळीनंतर. तू म्हणालीस, असे हातपाय गाळून कसं चालेल."

"एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायचं!"

"दुसऱ्यांदा गॅस सोडला."

गोपाळकृष्णराव सावकाश, शब्द जुळवत बोलू लागले. फेब्रुवारीत एसी खरोखरच बिघडला होता. त्या दिवशी अकोला टळलं, आणि दिवसभर त्यांना शाळेला सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं. सर्व्हिस सेंटरमध्ये ते सीटवर बसलेले असताना तिथल्या माणसाने व्हॉल्व्ह दाबून जुना गॅस सोडलेला त्यांनी पाहिला. बस्, तेवढंच. "तिथे मला रंगीत कड्या खुंट्यांवर अडकवायला लावतात, चारू. लाल लाल खुंटीवर, पिवळी पिवळ्या खुंटीवर. आणि दाराला काच आहे. काचेपलीकडून तू बघत असतेस."

"तुम्हाला धीर यावा म्हणून बघते."

"ते मला माहीत आहे. पण पेपर कोरा असला की मास्तर मागे उभा आहे हे जास्त कळतं."

बाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ नळाखाली तोंड धुवत राहिल्या. चोर सोडून त्यांनी संन्याशाला फाशी दिली होती, आणि तीही चारचौघांत. वच्छला चारला आली तेव्हा त्यांनी तिच्यासमोर खुर्ची ठेवली, बस म्हणाल्या, आणि माफी मागितली. वच्छला म्हणाली, "मले माहीत होतं ना. पण मी सांगतलं असतं तं तुमी मलेच खोटी म्हटलं असतं." बाईंना ते पटलं. म्हटलंच असतं.

सोमवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, दोघं कुलदीपच्या गॅरेजात गेली. बाईंनी मनात वाक्यं तयार ठेवली होती. पण गाडी थांबताच गोपाळकृष्णराव म्हणाले, "तू बस. आधी मी." ते उतरले, काठी टेकत आत गेले. बाकावर एकच गिऱ्हाईक होतं. कुलदीपने बाईंकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"कुलदीप," गोपाळकृष्णराव म्हणाले, "गॅस मी सोडत होतो. घरी. व्हॉल्व्ह दाबून. तुझा यात काडीचा दोष नाही. हे मी त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं, मी गाडीत बसून होतो. मी बोललो नाही."

कुलदीपचा चेहरा लाल झाला. "काका, मजाक करून राहिले का तुमी? त्या टॅक्सीवाल्यानं साऱ्या गाड्या दुसरीकडे नेल्या. आचलनं, माह्या बायकोनं, मले घरी इचारलं, तुमी खरंच असं करता का म्हणून. माह्या बायकोनं!" त्याने पान्हा खाली आपटला आणि म्हणाला, "अन् गॅस कावून सोडला? तो फुकट येते का? फ्यूज काढून खिशात टाकला असता, तं एका मिनिटात काम झालं असतं, अन् कोनाचं नुकसानबी नसतं."

"मला फ्यूज कुठे असतो ते माहीत नव्हतं," गोपाळकृष्णराव प्रामाणिकपणे म्हणाले.

तोवर बाई आत आल्या होत्या. "माझं चुकलं, कुलदीप. ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोर हेही बोलेन. त्या टॅक्सीवाल्यांचा नंबर दे."

"राहू द्या मॅडम आता." मग कुलदीपने विचार केला. "नाई. कराच फोन."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. आपण कोण, त्या दिवशी काय बोललो, ते कसं साफ खोटं होतं, सगळं खणखणीत सांगितलं. पलीकडून टॅक्सीवाला हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तो तुमच्या बाजूले उभा आहे का? तुमाले दबाव देऊन बोलायले लावून राह्यला का? नुसतं हो म्हणा, मी समजून घेतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. एकदा सोडलेला संशय परत बाटलीत भरता येत नाही, हे त्यांना त्या क्षणी पुरतं कळलं. टॅक्सीवाल्याची समजूत काढायला त्यांना अर्धा तास लागला, आणि तरी तो "पाहू" एवढंच म्हणाला. कुलदीपने गॅस भरला. या वेळी त्याने मजुरी घेतली, मोजून घेतली, आणि बाईंना त्यातच थोडं बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर गाडीत गारवा होता. बाई गाडी चालवत होत्या आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सिलिंडरवाला, संत्रीवाला, टायवाला, कुलदीप, वच्छला. सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला. अकोल्याच्या डॉक्टरांचं म्हणणं मात्र त्यांनी कधी ताणकाट्याला लावलं नव्हतं. ते "प्रयत्न करत राहू" म्हणत आणि बाई तेवढ्यावर घरी येत. प्रश्न साधा होता. तो त्यांनी इतके दिवस विचारला नव्हता, कारण उत्तर काय येईल याचा त्यांना मनातून अंदाज होता.

"अकोल्याचे डॉक्टर तुम्हाला वेगळं काही बोलले का?" त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

गोपाळकृष्णराव म्हणाले, "जानेवारीत. तू बाटली भरायला गेली होतीस. म्हणाले, हातात जे यायचं होतं ते येऊन गेलं. आता पुढे येणार नाही. विचारलं, बाईंना सांगू का? मी म्हटलं, नको, मी सांगतो. डॉक्टर दर वेळी मला खुणेने विचारायचे, सांगितलं का. मला काही सांगता आलं नाही."

"मला कळलं असतं तर मी थांबले असते."

"थांबली असतीस?"

खोटं उत्तर चालवून घ्यायची बाईंना सवय नव्हती, स्वतःचंही नाही. "नसते," त्या म्हणाल्या. "नागपूरला नेलं असतं. मग मुंबईला."

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला, एका कडुनिंबाखाली घेतली आणि उभी केली. एसी चालूच ठेवला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. गेली दोन वर्षं रोज सकाळी उठल्या उठल्या त्या नवऱ्याला एकच विचारत आल्या होत्या, आज हलतो का? आणि त्याचं उत्तर त्या स्वतःच बोटं धरून तपासत. आता त्यांनी तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि नुसता धरून ठेवला.

"दुखतो का हो हा?"

गोपाळकृष्णरावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"खूप," ते म्हणाले.